तीन मिनिटांची चाचणी

रेल्वेचं इंजिन चालवत होतो असं सांगितलं, की लोक दोन प्रश्न विचारतात. एक, झोप यायची नाही का? दोन, लघवीला कुठं जायचात? पहिल्याचं उत्तर, यायची, म्हणूनच इंजिनात दोघं जण असतात. दुसऱ्याचं उत्तर दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. तिसरा प्रश्न मला छत्तीस वर्षांत एकदाच विचारला गेला, आणि तोही सरकारी कागदावर: रोजच्या पॅसेंजरला जुनं डिझेल इंजिन बरं की नवं? त्याचं मी दिलेलं उत्तर खोटं होतं. ते सगळ्यांना पटलं आणि त्यापायी एका गावाची गाडी गेली.

आता आमच्या मार्गावर विजेच्या तारा आल्या आहेत. जुनं डिझेल काय आणि नवं डिझेल काय, दोन्ही बाजूला सरली. म्हणजे माझा हा लेख वरातीमागून घोडं आहे. पण वरात निघाली तेव्हा घोडं माझ्याच हातात होतं, म्हणून लिहितो.

मी पूर्णेचा. पूर्णेत माणूस जन्मला की एकतर रेल्वेत लागतो, नाहीतर रेल्वेतल्याला मुलगी देतो. माझे वडील कोळशाच्या इंजिनावर फायरमन होते. मला डिझेलवर घेतलं तेव्हा ते म्हणाले, "त्यात काय, नुसतं बसायचं." उभं आयुष्य भट्टीत कोळसा फेकलेला माणूस; बसून करायचं काम हे त्यांच्या मते काम नव्हतंच. पुढं नवं डिझेल आलं तेव्हा मीही माझ्या असिस्टंटला नेमकं हेच म्हणालो. फक्त तेव्हा मला वडिलांची आठवण झाली नाही.

बाहेरच्या माणसाला सांगायचं तर इंजिन जोरात पळवणं हे काही फार अवघड काम नाही. अवघड आहे ते थांबवणं आणि पुन्हा उठवणं. नांदेडकडून येणारी आमची सकाळची पॅसेंजर चुडावा घ्यायची, पूर्णा घ्यायची, पुढं पिंगळी आणि मग परभणी, आणि मध्ये मिळेल तिथं थांबायची. गाडीत सगळे अपडाऊनवाले: मास्तर, कोर्टातले कारकून, कॉलेजची पोरं, दुधाचे कॅन. अशा गाडीचा एक थांबा वरवर एक मिनिटाचा असतो. पण त्याआधी वेग मारण्यात एखादं मिनिट जातं आणि नंतर तो परत मिळवण्यात दुसरं. म्हणजे एका थांब्याला तीन मिनिटं लागतात. ही तीन मिनिटं लक्षात ठेवा.

जुन्या इंजिनाला एकच केबिन, बाकी सगळं लांबलचक बॉनेट. इंजिन उलट्या तोंडानं लागलं की हे बॉनेट पुढं यायचं आणि ड्रायव्हरला समोरचं निम्मंच दिसायचं. ट्रक मागं घेताना क्लीनर ओरडतो, तसा दुसऱ्या बाजूचा सिग्नल असिस्टंट ओरडून सांगायचा. जोर वाढवायचा दांडा आठ खाचांतून फिरतो. त्या खाचेला आम्ही नॉच म्हणतो. जुन्याला नॉच दिला की आधी काळा धूर निघायचा, मग आवाज यायचा आणि शेवटी ओढ लागायची. पुढचा नॉच कधी द्यायचा हे काट्यावर दिसायचं, पण काटा बघून देणारा ड्रायव्हर आम्ही कच्चा समजायचो. तो कानानं द्यायचा असतो. आवाज जड झाला, थांबा. आवाज उकलला, द्या पुढचा. हे मला बरं जमलेलं होतं. पूर्णेत घरी बसून, यार्डातून गाडी कोण काढतंय हे मी आवाजावरून सांगायचो. बायको म्हणायची, "घरातलं माणूस हाक मारतंय ते न्हाई ऐकू येत."

दोषही पुष्कळ होते. तेल गळायचं, कपड्यांचा वास तीन धुण्यांत जायचा नाही. थंडीच्या दिवसांत इंजिन बंद करायला आम्ही घाबरायचो, कारण सकाळी चालू होईलच याची खात्री नसायची. रूळ ओले असले की चाकं जागीच फिरायची, मग रुळावर वाळू सोडा आणि देवाचं नाव घ्या.

आणि धूर. चुडाव्याला रुळाशेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक राहायचे. एकदा गाडी उभी असताना ते पांढरंशुभ्र धोतर घेऊन इंजिनापाशी आले आणि काजळीचे ठिपके दाखवून म्हणाले, "ह्यो डाग तुमचा."

मी म्हणालो, "गुरुजी, पलीकडच्या बाजूला वाळत घालत जा."

"वारा काय तुमच्या टाइमटेबलानं वाहतो का?"

पुढं नवं इंजिन लागलं, धूर बंद झाला. महिन्याभरानं गुरुजी पुन्हा फलाटावर आले. मला वाटलं आभार मानायला आले असतील. ते म्हणाले, "आता धूरच दिसंना. गाडी यायलीय का न्हाई, काही कळायला मार्ग न्हाई."

नवं इंजिन म्हणजे चाकांवरचा कॉम्प्युटर. पुढ्यात पडदा, त्यावर इंग्रजीत मजकूर. चाक घसरायच्या आत त्याला कळतं आणि ते आपणच जोर कमी करतं. काही बिघडलं तर पडद्यावर लिहून येतं, पण काय करायचं ते लिहून येत नाही. एकदा चुडाव्याच्या अलीकडं इंजिन आपोआप शांत झालं. मी आणि असिस्टंट वाघमारे, आम्ही दोघांनी सगळे पाइप चाचपले, वास घेतला, कान लावले. शेवटी कंट्रोल ऑफिसला फोन केला. तिकडून कुणीतरी चहा पीत असल्यासारखा म्हणाला, "मागचं बटण बंद करा, थोडं थांबा, चालू करा." केलं. चालू झालं. तीस-पस्तीस वर्षांचा अनुभव होता आणि उपाय निघाला घरच्या टीव्हीचा. वाघमारे हसला. तो तिशी उलटलेला, दोन लेकरांचा बाप, शांत माणूस. पण त्या दिवशी त्याचं हसणं मला लागलं.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. जे मला येत होतं ते त्या इंजिनाला नको होतं, आणि त्याला जे हवं होतं ते दोन आठवड्यांच्या ट्रेनिंगमध्ये कुणालाही येत होतं.

आता मंदाताईंबद्दल. पिंगळीच्या अलीकडं एक हॉल्ट आहे. हॉल्ट म्हणजे स्टेशनमास्तर नसलेलं स्टेशन: एक फलाट, एक पत्र्याची शेड, आणि खिडकीत तिकिटं विकणारा गावातलाच एक एजंट. तिथून पंधरा-वीस जणं रोज परभणीला जायची. त्यात या मंदाताई. नवरा शेती बघायचा, त्या परभणीत एका डॉक्टरांच्या दवाखान्यात केसपेपर लिहायला होत्या. साडेनऊला खुर्चीत पाहिजेत, हा डॉक्टरांचा नियम.

तिथल्या लोकांची एक पद्धत होती. पूर्णेकडून येताना मागच्या स्टेशनातून आमची गाडी उठली, की जुन्या इंजिनाचा आवाज शेतांवरून त्यांच्या गावात पोचायचा. तो आला की माणसं घरातून निघायची. कुणी घड्याळ बघत नसे. आवाज आला, चप्पल घातली, फलाटावर पोचलं, की गाडी हजर. वर्षानुवर्षं हे असं चाललं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. आपण नॉच द्यावा आणि दूरच्या गावात पंधरा माणसांनी चपला घालाव्यात, हे काही थोडं नाही.

नवं इंजिन लागलं आणि त्यांची फसगत झाली. त्याचा आवाज निराळा, वाऱ्यावर येतो न येतो. पहिल्या आठवड्यात मी हॉल्टला गाडी उभी केली, मिनिट संपलं, आणि बांधावरून मंदाताई पळत येताना दिसल्या. एका हातात डबा, दुसरा हात वर. मी थांबलो. नियमानं थांबायला नको होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्या धापा टाकत इंजिनाच्या खिडकीखाली आल्या.

"मामा, ह्ये इंजिन मुकं हाय का?"

"मंदाताई, आता घड्याळ बघून निघायचं."

"घड्याळ तर रोज बरोबर वाजतंय. तुमची गाडीच कुठं घड्याळाच्या ठोक्याला येती?"

तेव्हापासून मी तिथं थोडा जास्त थांबायचो. वाघमारे हॉर्नवर हात ठेवून बांधाकडं बघायचा आणि म्हणायचा, "आल्या, सर."

नेमकी त्याच सुमारास वरच्या ऑफिसातून ती चिठ्ठी आली. आमची गाडी परभणीला रोज उशिरा पोचते, मागची एक्स्प्रेस तिच्यामुळं अडकते, तरी एक आठवडा जुनं इंजिन आणि एक आठवडा नवं इंजिन लावून चाचणी घ्यावी आणि या गाडीस कोणतं योग्य ते कळवावं. आमचे लोको इन्स्पेक्टर खंदारे साहेब स्वतः इंजिनात बसून मिनिटं लिहिणार होते. खंदारे साहेब माझ्यासारखेच जुन्या इंजिनावर वाढलेले. त्यांनी चाचणीसाठी ड्रायव्हर म्हणून माझंच नाव दिलं.

माझा हिशेब साधा होता. जुनी इंजिनं हळूहळू काढून टाकायचं चाललं होतं. पण रोजच्या थांबत जाणाऱ्या गाडीला जुनंच बरं, असं कागदावर आलं तर एक-दोन इंजिनं आमच्याकडं राहतील. मला निवृत्त होईपर्यंत पुरतील.

जुन्याच्या आठवड्यात मी जी गाडी चालवली तशी आयुष्यात पुन्हा चालवली नाही. आवाज उकलायच्या आधीच पुढचा नॉच. एका ओल्या सकाळी चाकं घसरणार हे मला पायाच्या तळव्यांना कळलं आणि आधीच वाळू सोडली. सहाही दिवस गाडी परभणीला वेळेवर पोचली. खंदारे साहेब उतरताना म्हणाले, "वा, गणपतराव. ह्याला म्हणतात इंजिन."

मग नव्याचा आठवडा. यात मी काहीही चुकीचं केलं नाही. तीच तर अडचण आहे. पुस्तकात लिहिलंय की ब्रेक पूर्ण सुटल्याची खात्री करून मगच पहिला नॉच द्यावा. मी खात्री केली. मग वाघमारेला विचारून पुन्हा खात्री केली. नॉच एकेक करून द्यावेत असं लिहिलंय. मी एक दिला की पाणी प्यायचो, मग दुसरा द्यायचो. फलाट किती लांब असताना ब्रेक लावायचा हे मात्र पुस्तकात नसतं, ते ड्रायव्हरच्या हातावर असतं. मी लांबूनच लावत होतो. गाडी पाहुण्याला लाजणाऱ्या नव्या सुनेसारखी फलाटावर यायची.

दुसऱ्या दिवशी वाघमारेनं विचारलं, "सर, तब्येत बरी न्हाई का?"

"का?"

"गाडी लय सावकाश उठायलीय."

"नवं इंजिन आहे."

त्यानं पडद्याकडं बघितलं. "ह्याच्यावर तर काहीच दाखवंना."

"त्याला काय कळतंय," मी म्हणालो.

खंदारे साहेब पाठीमागं बसून वहीत मिनिटं लिहीत होते. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं असेल, नसेलही. त्यांना जे लिहायचं होतं तेच समोर घडत होतं, त्यामुळं त्यांनी मान वर केली नाही. अहवालात वाक्य आलं: थांबे असलेल्या या गाडीस नवीन इंजिनामुळे सुमारे तीन मिनिटे अधिक लागतात. खाली साहेबांची सही होती.

तीन महिन्यांनी साहेब कागद घेऊन आले. "गणपतराव, आपला रिपोर्ट मान्य झाला."

"मग जुनं इंजिन राहणार?"

"ते तर जायचंच हुतं," साहेब म्हणाले. "पुढं वाचा."

पुढं लिहिलं होतं की यापुढं या गाडीस नवीनच इंजिन राहील, आणि त्यास तीन मिनिटे अधिक लागत असल्यामुळे एक थांबा रद्द करण्यात येत आहे. सगळ्यात कमी उतारू कुठं, तर त्या हॉल्टवर. हिशेबात कुठंच चूक नव्हती. मी कागद परत दिला.

पहिल्या दिवशी लोकांना वाटलं, कागद कागदाच्या जागी, गाडी थांबेल. एजंटानं खिडकीवर सूचना चिकटवली होती, तरी सगळे फलाटावर उभे होते. आता त्यांना वेळ पाठ झाली होती. मंदाताई सगळ्यांच्या पुढं होत्या आणि मला ओळखून त्यांनी हात वर केला. मी हॉर्न वाजवला. न थांबता जाताना तो वाजवावाच लागतो. वाघमारे पायाखाली बघत होता.

पुढं मंदाताई काही दिवस पिंगळीपर्यंत चालत गेल्या. मग जीप, मग रिक्षा. कधी मिळायची, कधी नाही. साडेनऊचे पावणेदहा व्हायला लागले, कधी दहा. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी दुसरी मुलगी ठेवली. हे मला एजंटानं सांगितलं. तो पूर्णेला त्याच्या कामासाठी आला होता, त्याचंही कमिशन बुडालं होतं. तो म्हणाला, "बाई मातर कुणालाच नावं ठिवीत न्हाई. म्हणती, डॉक्टरचं तरी काय चुकलं?"

दुसऱ्या दिवसापासून मी नवं इंजिन खरं चालवायला घेतलं. शहाणपण सुचलं, पण उशिरा.

आणि तेव्हा मला कळलं, की मी वेळ चुकीच्या टोकाला शोधत होतो. जुन्या इंजिनाची मिनिटं उठताना मिळवावी लागत, म्हणून आम्हा सगळ्या जुन्या माणसांचं लक्ष उठण्यावर. नवं सुरुवातीला अंमळ सावकाशच उठतं, त्याच्याशी झटापट करून उपयोग नाही. पण त्याचा ब्रेक अगदी शेवटपर्यंत धरतो. जुन्याचा इंजिन-ब्रेक वेग कमी झाला की हात सोडायचा, म्हणून आम्ही लांबूनच वेग मारत यायचो. नव्याला तशी गरज नाही. फलाट जवळ येईपर्यंत वेग ठेवा, मग धरा; डब्यातला चहा हिंदकळत नाही. पावसात चाक घसरत नाही, वाळूचं काम नाही. एका आठवड्यात मी गाडी इतकी आधी आणायला लागलो, की परभणीच्या सिग्नलबाहेर आम्ही रोज ताटकळत उभे राहायचो, कारण आत फलाट मोकळा नसायचा. म्हणजे हॉल्ट काढून वाचवलेली तीन मिनिटं आम्ही परभणीबाहेर एका बाभळीकडं बघत घालवत होतो.

रोज थांबत जाणाऱ्या गाडीला नवं इंजिन बरं. हे माझं खरं उत्तर. हे लिहायला मला आजही जड जातं.

मी एक अर्ज लिहिला. चाचणीच्या वेळी मी नवीन इंजिन जाणूनबुजून सावकाश चालवले, सबब तो अहवाल धरू नये आणि हॉल्टचा थांबा पूर्ववत करावा. तो घेऊन खंदारे साहेबांकडं गेलो. त्यांनी दोनदा वाचला, उठून दार लावलं.

"जाणूनबुजून हा शब्द कशाला घातलात?"

"जाणूनबुजून केलं म्हणून."

"रिटायरमेंटला सात महिने राहिलेत. चार्जशीट घिऊन घरी जायचंय का?"

"थांबा परत येईल का, साहेब?"

"ह्या कागदानं? ह्या कागदानं तुमी जाल आन् मी बी जाईन. रिपोर्टवर सही माझी हाय. थांबा येणार न्हाई."

मी म्हणालो, "इंजिनाच्या कॉम्प्युटरात असेल ना. कोणता नॉच कधी दिला, सगळं त्यात लिहिलं जातं."

"ते कवाच पुसलं असंल. अन् गाडी रुळावरनं पडल्याशिवाय कोण बघतंय ते?" त्यांनी अर्जाची घडी घालून ती माझ्याच खिशात घातली. "आपण नवी चाचणी घिऊ. तुमी गाडी चांगली चालवा. बास. कुणाचंच वाईट व्हायचं न्हाई."

मी मान डोलावली. खोलीतून बाहेर पडताना मला किती हलकं वाटलं, ते सांगायची आज लाज वाटते.

नवी चाचणी झाली. साहेबांनी पुन्हा मिनिटं लिहिली. कागद वर गेला, वरून खाली आला, आणि निवृत्तीला महिना राहिला असताना थांबा परत मिळाला. सोबत माझ्यासाठी एक प्रशस्तिपत्र होतं: अनुभवी चालकाने नवीन इंजिनावर प्रभुत्व मिळवून गाडीच्या वेळेत तीन मिनिटांची बचत केली. चोरलेली वस्तू परत आणून ठेवली म्हणून शाबासकी मिळालेला पूर्णेत मी पहिलाच असेन. वाघमारेनं ते वाचलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाला, "अभिनंदन, सर." त्याच्या आवाजात काहीच नव्हतं. त्याला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं.

थांबा सुरू झाला त्या दिवशी हॉल्टवर केळीचे खांब लावले होते. सरपंचांनी मला खाली उतरवलं, शाल घातली, नारळ दिला. एजंटानं भाषण केलं: "ज्या माणसानं आपल्या गावासाठी तीन मिनिटं वाचिवली..." टाळ्या वाजल्या. मी गर्दीत मंदाताईंना शोधत होतो. त्या नव्हत्या. नियमानं मिनिटभर थांबायची गाडी त्या दिवशी अकरा मिनिटं थांबली, आणि मागची एक्स्प्रेस अडकली.

निवृत्त झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. त्या अंगणात सूप घेऊन हरभरा पाखडत होत्या.

"या मामा. शाल भेटली म्हणं."

"तुम्ही आला नाहीत."

"निंदायला गेलते. आता रोजानं जाते, खाडा करून भागत न्हाई."

"दवाखान्यात पुन्हा विचारलंत का? आता गाडी आहे."

"तिथं दुसरी पोरगी लागली. चांगली हाय. तिलाबी घर हाय की."

मग मी सांगितलं. चाचणी, पाणी पीत दिलेले नॉच, लांबून लावलेला ब्रेक, अर्ज, खिशात परत आलेला कागद. मध्ये त्यांनी सूप खाली ठेवलं. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"म्हंजी इंजिन पळत हुतं. तुमी पळवीत नव्हता."

"हो."

त्या आत गेल्या. मला वाटलं आता येणार नाहीत. बऱ्याच वेळानं चहा घेऊन आल्या, माझ्यापुढं कप ठेवला आणि जरा लांब बसल्या.

"गाडी बंद झाली तवा लोक लय शिव्या द्यायचे तुमाला. ड्रायव्हर माजलाय म्हणायचे. मी भांडायचे त्यांच्यासंगं. म्हणायचे, मी पळत यायले की त्यो माणूस गाडी थांबवून धरायचा. त्याच्या हातात असतं तर त्यो थांबलाच असता. आता त्यांला काय सांगू?"

मी म्हणालो, "खरं ते सांगा."

"मी कामून सांगू? तुमी सांगा."

चहा मी संपवला. उठताना त्यांनी नेहमीसारखं "या पुन्हा" म्हटलं नाही.

या अंकाच्या संपादकांना इंजिनाच्या गमतीजमती हव्या होत्या. काही दिल्या आहेत. अंक हातात आला की मी सकाळच्या गाडीनं त्या हॉल्टला उतरणार आहे, आणि हा लेख फलाटावर उभं राहून वाचून दाखवणार आहे. एजंटाला फोन करून सांगितलं, गावातली माणसं जमवून ठेव, मंदाताईंनाही निरोप दे.

त्यानं विचारलं, "पुन्हा सत्कार हाय का?"

मी म्हणालो, "नाही. शाल परत द्यायची आहे."